गावठी कोंबडीला लस लागत नाही?

संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी खुराड्यात ताठ पडलेली. अंगावर जखम नाही, रक्त नाही. मग ठरलेली वाक्यं: नजर लागली, कुणीतरी विष घातलं. वर ‘गावठी कोंबडी काटक, तिला रोग होतच नाही’ हे आहेच.

हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं. परसातल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या की पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा घ्यावा. मान वाकडी होणं, हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळा पडलेला पाय ही त्याची लक्षणं. पण विषाणू जहाल असेल तर लक्षण दिसण्याआधीच पक्षी मरतो, म्हणून ते मरण ‘अचानक’ वाटतं. बहुतेकदा रोग बाजारातून आणलेल्या नव्या कोंबड्याबरोबर येतो. तो लगेच कळपात सोडू नये, दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

लस आहे, स्वस्तही आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी ही दुसरी लस. मात्र ती बर्फात आणली नाही तर निव्वळ पाणी टोचल्यासारखं.

मे महिन्यात भर दुपारी एखादीच मेली, तर पत्र्याखालचा उकाडाही पुरतो. कोंबडीला घाम येत नाही.

बर्ड फ्लूही असाच झटपट मारतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने ते पाहिलंय. नुसतं बघून मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक सांगता येत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून मेलेली कोंबडी कापू नका, ओढ्यात टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.