मोटारहोमच्या टायरचं बॅलन्सिंग: मशीनवर, मण्यांनी की रिंगने?

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वाडी, नागपूर)

“भाऊ, गाडी ऐंशीच्या वर गेली का स्टीअरिंग नाचून राहिलं. मणी टाकून द्या एकदाचे.”

काउंटरवर हे वाक्य आम्ही हल्ली वरचेवर ऐकतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं, एरवी ते रिमच्या कडेला छोटी वजनं लावून करतात. मणी म्हणजे त्याच कामासाठी टायरच्या आत सोडायचे काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक दाणे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेल्या माणसाला ते हवेच असतात. आम्ही मणी विकतो, तरी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मोटारहोमना, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांना, ते टाकत नाही. गिऱ्हाईक परत पाठवायची आम्हाला हौस नाही. कारण काय, ते गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक.

ही तक्रार पूर्वी एवढी येत नसे. शिवमडक्याहून समृद्धीवर चढलं की समोर ७०१ किलोमीटरचा काँक्रीट रस्ता, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तर मुंबईच्या वेशीपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायची गरज नाही. जुन्या रस्त्याला गावं, ट्रक आणि गतिरोधक यांतून जी गाडी साठच्या वर फार वेळ राहतच नव्हती, तीच आता तीन-तीन तास नव्वदवर असते. चाकातला दोष तोच आहे, आता तो हाताला कळतो एवढंच.

हिशेब बघा. सोळा इंची रिमचं, साधारण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक ताशी ९० किलोमीटरला सेकंदात ११ फेरे घेतं. रिमच्या कडेला एका जागी ५० ग्रॅम जास्त असतील, तर त्या वेगाला ते ५० ग्रॅम जवळजवळ ५ किलोच्या ओढीने चाकाला बाहेर खेचतात, सेकंदाला ११ वेळा. वेग निम्मा केला की ओढ पाव होते. म्हणून धरमपेठेतून गाडी फिरवताना काहीच जाणवत नाही.

आधी धुऊन आणा

हे वाचून हसू येईल, पण मागच्या पावसाळ्यात उमरेड-कऱ्हांडल्याकडून आलेली एक गाडी आम्ही विसरलो नाही. मालकाने दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलं होतं. पुढच्या डाव्या चाकाला आतून एवढी वजनं ठोकलेली की रिमची कड दिसत नव्हती. चाक उतरवलं तर रिमच्या पाठीमागे काळ्या मातीचा थर, वाळून विटेसारखा झालेला, आणि तोही एकाच बाजूला, कारण गाडी चिखलातून येऊन तशीच आठवडाभर उभी राहिली होती. पोट्ट्याने स्क्रू-ड्रायव्हरने माती खरवडून काट्यावर ठेवली: १४० ग्रॅम. आधीच्यांनी मातीचंच बॅलन्सिंग केलं होतं. रस्त्यात थोडी माती गळली की तोल पुन्हा गेला. सगळी जुनी वजनं काढून, रिम धुऊन चाक मशीनवर लावलं, तर ३५ ग्रॅममध्ये काम झालं.

आमच्या विदर्भातल्या मातीचा गुणच हा आहे. ताडोबा, पेंच, नागझिरा, कुठूनही आलात तरी पाण्याचा पाइप आधी रिमच्या आतल्या बाजूला मारा.

दुसरी गोष्ट, थरथर बॅलन्सिंगचीच आहे का? मोटारहोम ही चालण्यापेक्षा उभी राहणारी गाडी. वर्षातले आठ-नऊ महिने शेडमध्ये, एकाच जागी, पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि फर्निचरचं ओझं घेऊन. टायर खालून चपटा होतो. ती चपटी जागा बहुतेक वेळा पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर, टायर गरम झाल्यावर, आपोआप भरून येते. म्हणून शेडमधून काढून थेट आमच्याकडे येऊ नका. आउटर रिंग रोडने एक फेरी मारून या. गार आणि चपटा टायर मशीनवर लावला तर आकडा खोटा येतो.

गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल, तर ते अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणण्याचं काम, बॅलन्सिंगचं नाही. चाकाला घरघर असेल तर बेअरिंग. आणि टायरवर कुठे फुगवटा दिसत असेल, हात फिरवल्यावर टेकाड लागत असेल, तर आतल्या तारांचा पट्टा सुटला आहे. असा टायर आम्ही बॅलन्स करून देत नाही. कितीही म्हणा. वजन लावून थरथर दबेल, टायर मे महिन्याच्या उन्हात काँक्रीटवर फुटायचा तो फुटेलच. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही बघतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसते पण रबर भेगाळलंय, असे टायर मोटारहोममध्येच जास्त सापडतात. त्यावर बॅलन्सिंगचे पैसे घालवू नका.

मशीन: आमची पहिली पसंती

ट्रॅव्हलर किंवा विंगर व्हॅनवर बांधलेल्या, ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना आम्ही मशीनवरच बॅलन्सिंग सुचवतो. चाक मशीनच्या दांड्यावर (शाफ्टवर) फिरतं आणि मशीन दोन वेगळ्या गोष्टी मोजतं. एक, चाक वर-खाली उड्या मारेल का. दोन, चाक डावीकडे-उजवीकडे डुगडुगेल का. पहिला दोष चाक न फिरवता, पाणसळीसारखा बुडबुडा बघून तोल मोजणाऱ्या जुन्या बॅलन्सरवरही सापडतो, दुसरा फक्त फिरवूनच सापडतो. स्टीअरिंग नाचतं ते बहुधा दुसऱ्यामुळे. म्हणून आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कडांना वजन लागतं. कोणी फक्त बाहेरून एक वजन ठोकून दिलं, तर अर्धंच काम झालंय.

लोखंडी रिमला क्लिपवालं वजन, अलॉयला स्टिकरवालं. आम्ही शिशाऐवजी जस्त किंवा पोलादाची वजनं वापरतो. युरोपात कारसाठी शिशाची वजनं २००५ पासून बंद आहेत. भारतात अजून शिसं वापरलं जातं, पण रस्त्यावर गळून पडलेल्या शिशाची माती कोणाच्या तरी अंगणातच जाते.

आता खरी मेख. मशीन चांगलं असून बॅलन्सिंग चुकतं ते चाक शाफ्टवर नीट मध्यावर न बसल्यामुळे. कारच्या चाकाला मधल्या भोकात कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा, लावून काम भागतं. मोठ्या गाडीच्या रिमचं मधलं भोक गंजलेलं असतं, कधी वेल्डिंगचा थेंब असतो, आणि कोन त्याच्यावर तिरका बसतो. शिवाय काही रिम गाडीवर मधल्या भोकाने मध्यावर येतच नाहीत, नटांच्या निमुळत्या उतारामुळे येतात. अशा चाकाला मशीनवरही नटांच्या भोकांत बोटांसारखे दांडे घालून धरणारी प्लेट हवी. ती आमच्याकडे आहे. दुसरीकडे गेलात तर आधी विचारा.

काम बरोबर झालं का, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. दोन्ही बाजूंना शून्य आलं की मेकॅनिकला म्हणा, चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि परत मोजा. पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर ठीक. पंचवीस-तीस दाखवले तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं. आधीचं शून्य खोटं. हे आम्हालाही करायला लावा. आम्ही तोंड वाकडं करत नाही.

एकाच जागी फार वजन मागितलं तर आम्ही ठोकत सुटत नाही. टायर सोडवून रिमवर अर्धा फेरा फिरवतो. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर घेतात. लाल ठिपका म्हणजे टायर जिथे सर्वांत उंच किंवा कडक, तो रिमवरच्या खुणेला जुळवतात, रिमला ती खूण असेल तर.

मणी: कुणाला, कुणाला नाही

मणी खोटे नाहीत. चाक आपल्या स्प्रिंगवर ज्या ठोक्याने स्वतःहून हिंदकळतं, त्याच्या वर फिरण्याचा वेग गेला की फिरण्याचा मध्य जड बाजूकडे किंचित सरकतो आणि आतले मोकळे दाणे आपसूक हलक्या बाजूला जमतात. टायर झिजत जाईल तसा तोलही आपोआप सांभाळला जातो. बसच्या चेसिसवरच्या मोठ्या, ट्यूबलेस चाकांना, जी आमच्या मशीनवर चढत नाहीत, आणि मागे जोडचाकं (एका बाजूला दोन-दोन चाकं) असतील त्यांना, आम्ही मणी देतो.

पण मण्यांना ओलावा चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं. पंपवाला हवेबरोबर ते टायरमध्ये घालतो आणि मण्यांचे गोळे होतात. दुसरं, साधी व्हॉल्व्हची पिन चालत नाही, जाळीची लागते. दाणा पिनमध्ये अडकला की हवा रात्रभर सुटत राहते. तिसरं, पंक्चर. छिंदवाड्याच्या रस्त्याला कुणी टायर उघडला की तुमचे मणी त्याच्या दारात सांडणार. ट्यूबच्या टायरमध्ये आम्ही मणी टाकतच नाही. आणि रिम वाकडी असेल किंवा टायर गोल नसेल, तर मणी काहीच करू शकत नाहीत. ज्यांनी मणी मागितले त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं नेमकं हेच निघतं.

टायरमध्ये पंक्चरचं पातळ सीलंट भरून “बॅलन्सिंगही होतं” असं सांगणाऱ्यांपासून मोटारहोमवाल्यांनी तरी दूर राहावं. गाडी महिनाभर उभी राहिली की सगळं औषध तळाला साचतं, आणि पहिले काही किलोमीटर चाक धडधडत जातं.

रिंग म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिमच्या मध्ये बसवायची तबकडी, कडेच्या पोकळ नळीत जड छर्रे आणि तेलासारखा द्रव. टायर बदलला तरी रिंग राहते, आतलं काही सांडत नाही, आणि हब-ड्रमचा तोलही त्यात सांभाळला जातो. महाग आहे, ऑर्डर देऊनच मागवतो. बसवण्याआधी स्टडची, म्हणजे ज्यावर नट बसतात त्या बोल्टची, लांबी मोजावीच लागते, कारण तबकडीची जाडी नटाची चाल खाते. नट पुरेसे फेरे बसत नसतील तर आम्ही रिंग बसवणार नाही. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ती परवडते. दिवाळी आणि मे महिना एवढंच फिरणाऱ्याने तेच पैसे नव्या टायरला द्यावेत.

जोडचाकांबद्दल एक. दोन्ही टायर सारख्या उंचीचे नसतील तर कोणतीही पद्धत उपयोगाची नाही. मोठा टायर ओझं उचलतो, लहान घासतो. ८.२५ मापापर्यंतच्या (टायरच्या रुंदीचं इंचांतलं माप) दोन टायरांच्या व्यासात ६ मिलिमीटरहून जास्त फरक आम्ही ठेवत नाही.

येताना

टाक्या भरून, सामान जसं सहलीला असतं तसं ठेवून या, आणि वाटेत धरमकाट्यावर पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा मोजून पावती आणा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बॅलन्सिंगला हे लागत नाही, पण टायरची हवा त्या पावतीवरूनच ठरते, आणि कमी हवेची लचक लोक बॅलन्सिंगच्या नावावर खपवतात. स्टीअरिंग थरथरतं की सीट, कोणत्या वेगाला सुरू होतं आणि कोणत्या वेगाला थांबतं, हे लिहून आणलंत तर आमचा अर्धा तास वाचतो. स्टीअरिंग म्हणजे बहुधा पुढची चाकं, सीट आणि फरशी म्हणजे मागची. स्टेपनीही उतरवून ठेवा, तिचंही करतो.

चार चाकांना साधारण सव्वा तास लागतो, मागे जोडचाकं असली तर दोन. काम झाल्यावर एकदा रामटेकपर्यंत जाऊन या. ते पन्नास-एक किलोमीटर होतात, आणि तेवढ्या धावेनंतर नट पुन्हा आवळावेच लागतात. परत येताना दुकानाशी थांबा. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच नट आवळणारा) घेऊन आम्हीच बाहेर येतो. त्याचे पैसे नाहीत.