सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे

‘सीपॅप म्हणजे ऑक्सिजन, एकदा लावलं की फुप्फुसं आळशी होतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सीपॅप म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास अडतो (स्लीप अ‍ॅप्निया), त्यांना मास्कमधून हवा देणारं मशीन. मास्क पाहून तसं वाटणं साहजिक आहे.

मशीनच्या मागचं झाकण उघडा. आत दिसतो छोटा फिल्टर, सिलिंडर नाही. खोलीतलीच हवा ते दाबाने सोडतं, साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतक्या. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, तो या दाबाने उघडा राहतो. श्वास तुमचा तुम्हीच घेता. मशीन बंद केल्यावर घोरणं परततं, कारण मूळ त्रास तसाच असतो. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं तसं.

विक्रेत्याकडे मास्क लावून, कुशीवर आडवं होऊन बघाच. हवा गळत असेल तर महागडं मशीनही कुचकामी. काही रात्रींनंतर मशीनच्या रिपोर्टमधला एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा, मागा. तो ५ च्या खाली आला का, हे डॉक्टरांना दाखवा.