गाडीत वायरलेस, बाहेरून न दिसणारा अँटेना आणि त्याआधीचा परवाना

गाडीत हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायचा वायरलेस सेट, बसवायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो : अँटेना कोणता घेऊ, जो चटकन कुणाच्या नजरेत भरणार नाही? प्रश्न रास्त आहे. टपावर लांब काठी दिसली की चोराला आत महागडं यंत्र असल्याचा सुगावा लागतो, पार्किंगच्या कमी उंचीच्या छताला ती घासते आणि सिग्नलवर शेजारचा रिक्षावाला काच खाली करून चौकशी करतो. पण या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही. ते परवान्यात मिळतं. परवान्याची श्रेणी ठरली की बँड, म्हणजे वापरता येणारे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, ठरतात आणि बँडवरून अँटेनाची लांबी ठरते. म्हणून आधी कागद.

भारतात रेडिओ लहरी पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलं आहे आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ यंत्र बाळगण्यासाठी अधिकृत मंजुरीची अट आहेच. त्यामुळे ‘आधी सेट घेऊन ठेवतो, परीक्षा नंतर देतो’ हा क्रम उलटा आहे. सूट आहे ती थोड्या यंत्रांना. उदाहरणार्थ, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमधल्या कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना. ती मर्यादा अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीवर असते. अशा यंत्राला टपावरचा तगडा अँटेना जोडला की मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि मग सूटही गेली. गाडीसाठी कायमची सोय हवी असेल तर हॅमचाच रस्ता धरा.

पात्रता अगदी सोपी आहे. भारतीय नागरिक आणि वय किमान १२ वर्षं. शिक्षणाची अट नाही. १९७८च्या हौशी रेडिओ सेवा नियमांखाली एएसओसी (अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट) नावाचं प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळवायचं असतं. त्याच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडसाठी रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम एवढ्यांची लेखी परीक्षा. जनरलसाठी लेखी परीक्षा जरा खोल, आणि जोडीला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, घेणं आणि पाठवणं. रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साईन, म्हणजे हवेवरची ओळखखूण, मिळते, जनरलवाल्याला व्हीयू२ने.

गाडीपुरतं बोलायचं तर माझं मत स्पष्ट आहे : रिस्ट्रिक्टेडपासून सुरुवात करा. गाडीतल्या गप्पा बहुतेक १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि तेवढं या श्रेणीत बसतं. मोर्स नंतर शिकता येतो. तो कानाला लागला की सुटत नाही, हा भाग वेगळा.

अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. खातं उघडा, एएसओसी परीक्षेचा अर्ज निवडा, जवळचं केंद्र निवडा. परीक्षा विभागाची वायरलेस मॉनिटरिंग केंद्रं घेतात. फोटो, सही, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून हाताशी ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं हवं. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल, तर अर्ज करण्याआधीच ते दुरुस्त करून घ्या.

इथे अनेकजण फसतात. परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. प्रमाणपत्र हातात आलं की स्टेशनच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्यात पत्ता आणि यंत्राचा तपशील द्यायचा, आणि सुरक्षा पडताळणीही होते. वेळ जातो तो या पडताळणीत. ती पूर्ण होऊन परवाना आणि कॉल साईन येईपर्यंत माईकचं बटण दाबायचं नाही. १९७८च्या नियमांखाली परवाना २० वर्षांसाठी १,००० रुपयांना किंवा आजीवन २,००० रुपयांना मिळतो. पैसे भरण्याआधी पोर्टलवरची त्या दिवशीची रक्कम बघून घ्या, कारण नव्या कायद्याखाली नियम नव्याने लिहिले जात आहेत.

परवाना एका ठरावीक पत्त्यावरच्या स्टेशनचा असतो. गाडीतून बोलायचं असेल तर मोबाईल स्टेशन म्हणून स्वतंत्र परवानगी मागावी लागते. यासाठी गाडीची आरसी जवळ ठेवा. परवानगी मिळाल्यावर परवाना, कॉल साईन आणि परवानगीपत्राची प्रत गाडीत कायम असू द्या. नाकाबंदीत हवालदाराने विचारलं तर अँटेना लपलेला आहे याचा उपयोग नाही, कागद दिसला पाहिजे. उलट यंत्र दडवून ठेवलेलं आणि कागद जवळ नाही, तर साध्या चौकशीचं प्रकरण व्हायला वेळ लागत नाही. अँटेना लपवायचा तो चोरापासून, पोलिसापासून नव्हे.

एवढं झालं की अँटेनाचा हिशोब सोपा होतो. पाव तरंगलांबीचा अँटेना १४५ मेगाहर्ट्‌झसाठी जेमतेम अर्धा मीटर आणि ४३५ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे १७ सेंटिमीटर लागतो. ७ मेगाहर्ट्‌झवर तोच सुमारे १० मीटरचा होतो. तिथे कॉइल घालून काठी आखूड करता येते, पण कार्यक्षमता चांगलीच घटते आणि ती जाडजूड कॉइलही डोळ्यांत येतेच. म्हणजे लपून राहणारा अँटेना ही १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्‌झसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या व्हीएचएफ-यूएचएफवाल्यांची चैन आहे.

दिसायला सर्वांत साधा प्रकार म्हणजे टपाच्या मध्यभागी बसवलेली पातळ काळी काठी. लांबून ती एफएमच्या अँटेनासारखीच वाटते. टपाचा पत्रा तिच्याखालची जमीन (रेडिओच्या भाषेत ‘ग्राउंड’) म्हणून काम करतो, त्यामुळे लहरी सगळीकडे सारख्या पसरतात. भोक पाडायची हिंमत नसेल तर चुंबकी बूड घ्या. रात्री ते काढून डिकीत टाकता येतं. ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या टपाला मात्र चुंबक चिकटणार नाही. डिकीच्या कडेला क्लॅम्प लावला तर काठी आणखी नजरेआड जाते, पण गाडीचं अंग एका बाजूला येतं आणि त्या दिशेला ऐकू जाणं-येणं बदलतं. काचेवर चिकटवायचे अँटेना मोहक वाटतात. काचेवर धातूमिश्रित फिल्म असेल तर मी ते घेणार नाही.

केबलला कमी लेखू नका. साध्या आरजी-५८ची ५ मीटर केबल १४५वर सुमारे पाचवा हिस्सा शक्ती खाते आणि ४३५वर जवळपास तिसरा. ती लागेल तेवढीच घ्या आणि दाराच्या फटीत चेमटू देऊ नका. बसवून झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटर लावा; अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते तो दाखवतो. आकडा १.५च्या आत आला तर ठीक. २च्या वर गेला तर काठी आणि बुडाचा जोड तपासा, आणि तोवर शक्ती कमीच ठेवा.

माईकबद्दलही एक गोष्ट. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये गाडी चालवताना हातात धरायची संपर्क साधनं वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. त्यामुळे बोलायचं असेल तर गाडी कडेला घ्या.