पार्श्वभूमी : रंगाचे पाणी, पाल्याचा काढा आणि मेथिलीन ब्लूची चाचणी

कडुनिंब, शेवगा, संत्र्याची साल यांच्या अर्कात बनवलेले नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, रंगाचे पाणी काही मिनिटांत नितळ करतात, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत. त्यांची गाठ पडली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत.

रंगांचा इतिहास जुना. 1856 मध्ये लंडनमध्ये क्विनीन बनवायला निघालेल्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती जांभळा रंग लागला आणि डांबरापासून रंग काढण्याचा धंदा उभा राहिला. 1876 मध्ये मेथिलीन ब्लू आला, 1884 मध्ये सुतावर थेट चढणारा काँगो रेड, 1956 मध्ये धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग. उन्हाने विटू नयेत, धुण्याने जाऊ नयेत म्हणूनच हे रेणू असे चिवट घडवले गेले, आणि सांडपाण्यातही ते तितकेच चिवट राहतात. शिवाय ॲझो रंगांत, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या जोडणीने बांधलेल्या रंगांत, हा बंध तुटला की ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची संयुगे सुटतात. त्यातली काही कर्करोगकारक आहेत, म्हणून जर्मनीने 1994 मध्ये अशा रंगांना चाप लावला आणि 1997 मध्ये भारतानेही बऱ्याच ॲझो रंगांवर बंदी आणली. 2011 मध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून न्यायालयाने तामिळनाडूतल्या तिरुपूर या कापडगावचे रंगकारखाने बंद करायला लावले. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीला हे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा इतिहास बराचसा पुण्यात घडला. 2002 च्या सुमारास अमेरिकेत लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार होताना दिसले होते. लगोलग पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने जिरॅनियमच्या पानांचा काढा थेट सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ओतून चांदीचे कण मिळवले, मग कडुनिंब वापरला, मग गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण काढले. यातल्या कशाचाही रंगप्रदूषणाशी संबंध नव्हता. पण पाल्यापासून कण बनवण्याची ही ‘हरित’ कृती इतकी सोपी की पाला, शेगडी आणि गाळणकागद असलेल्या कुठल्याही कॉलेजात ती जमते. कण तर झाले, आता त्यांचा उपयोग काय दाखवायचा, हा प्रश्न नंतर आला.

उत्तर म्हणून जी चाचणी रूढ झाली, तिच्यावर आजही वाद आहे. मेथिलीन ब्लूचे पातळ द्रावण घ्यायचे, त्यात सोडियम बोरोहायड्राइड हे इलेक्ट्रॉन देणारे रसायन टाकायचे, वर चिमूटभर चांदीचे कण. प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर निळ्या रंगाची खूण असलेले 664 नॅनोमीटरचे शिखर बघता बघता खाली बसते, आणि शोधनिबंधात नव्वद टक्क्यांच्या वर ‘विघटन’ नोंदले जाते. प्रत्यक्षात चांदी इथे मध्यस्थ असते. बोरोहायड्राइडचे इलेक्ट्रॉन ती रंगाला पोचवते आणि मेथिलीन ब्लूचे ल्युको रूप होते. ते रंगहीन असते, पण रेणूचा सांगाडा शाबूत राहतो, आणि हवा लागली की निळाई परतते. शाळेतला ‘निळ्या बाटली’चा प्रयोग हाच: ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मेथिलीन ब्लू घालून बाटली हलवली की निळी, ठेवून दिली की रंगहीन.

बाजू घेणारे म्हणतात की ही चाचणी कण किती तत्पर आहेत एवढेच मोजते, पाणी शुद्ध झाल्याचा दावा करत नाही. हे मान्य करता आले असते, शीर्षकात ‘विघटन’ आणि ‘प्रदूषणमुक्ती’ हे शब्द नसते तर! काँगो रेडचे प्रकरण आणखी गंभीर आहे. त्याचे ॲझो बंध या पद्धतीने पूर्ण तुटले तर हाती बेंझिडीन येते, म्हणजे ज्याच्या धास्तीने बंदी आली तोच पदार्थ. लाल पाणी रंगहीन दिसते एवढेच. आणि बोरोहायड्राइड हे कारखान्यातले रसायन, तेही रंगाच्या कितीतरी पट जास्त घातलेले, मग यात हरित नेमके काय उरले? पाण्यातला सेंद्रिय कार्बन किंवा सीओडी (पाण्यातला मळ जाळायला लागणारा ऑक्सिजन) आधी-नंतर मोजला असता तर हा घोळ पहिल्या दिवशीच दिसला असता.

बोरोहायड्राइडऐवजी प्रकाश वापरण्याची वाट त्यामानाने सरळ आहे. 1972 मध्ये जपानमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर जे काम झाले, त्यातून फोटोकॅटालिसिस, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवणे, पुढे आले. वनस्पतीच्या अर्कात बनवलेले झिंक ऑक्साइडही त्याच तत्त्वावर चालते. प्रकाश पडला की हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिक्रियाशील तुकडे तयार होतात आणि पुरेसा वेळ मिळाला तर रेणू कार्बन डायऑक्साइडपर्यंत तुटतो. तिसरी वाट लोखंडाची. 2009 मध्ये चहाच्या अर्कातले लोहकण हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत वापरून ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग तोडून दाखवला गेला. पुढे 2014 मध्ये हिरव्या चहापासून केलेल्या अशा कणांची तपासणी झाली, तेव्हा ते शुद्ध धातू नसून लोह आणि पॉलिफेनॉलचे संयुग निघाले. हिरडा आणि हिराकस घोटून शाई करणाऱ्यांना यात नवल वाटले नसते.

अलीकडचे काम कण परत कसे पकडायचे यावर आहे: चुंबकाने ओढता येतील असे फेराइट (लोहाचे ऑक्साइड), अल्जिनेट या समुद्रशेवाळाच्या डिंकाच्या मण्यांत बांधलेले कण. प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, पाण्यात मीठ, सोडा, साबण आणि पाच-सहा रंग एकत्र असतात, तर प्रयोग बहुधा डिस्टिल्ड पाण्यातल्या एकाच रंगावर होतात. त्यात सामाईक शुद्धीकरण केंद्राच्या जैविक टाकीत सगळे काम जिवाणू करतात, आणि चांदी जिवाणूंना मारते. म्हणून तिथे चांदीचे कण निसटून चालत नाही.