उताणं, पालथं आणि आतड्यातल्या खुणा

मोठ्या आतड्याची तपासणी सीटी स्कॅनने करतात तेव्हा माणसाला दोनदा झोपवतात: एकदा उताणं, एकदा पालथं. आधी पोट साफ केलेलं असतं आणि गुदद्वारातून कार्बन डायऑक्साइड सोडून आतडं फुगवलेलं असतं. स्कॅनमधल्या शेकडो छेदांवरून संगणक आतड्याचा पोकळ बोगदा रचतो आणि डॉक्टर पडद्यावर त्यातून फिरत पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर उगवलेल्या मांसल गाठी, शोधतात. अमेरिकेत डेव्हिड व्हायनिंग यांनी १९९४ मध्ये ही 'व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी' मांडली.

दोनदा झोपवण्यामागे साधी युक्ती आहे. आत राहिलेला मळ कूस बदलली की खाली घरंगळतो. पॉलिप मात्र भिंतीला चिकटून असतो. म्हणजे दोन्ही चित्रांत तो एकाच जागी दिसला की संशय पक्का. पण 'एकच जागा' ठरवायची कशी? चढतं आणि उतरतं आतडं पाठीच्या बाजूला बऱ्यापैकी घट्ट बसलेलं असतं. आडवा भाग आणि सिग्मॉइड (गुदाशयाआधीचा नागमोडी भाग) मात्र आंत्रपटलावर, म्हणजे आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यावर, लोंबतात, त्यामुळे माणूस पालथा झाला की तेही सरकतात, ताणले जातात, आखडतात. गुदद्वारापासून सेंटिमीटर मोजून भागत नाही.

म्हणून शरीरानेच दिलेल्या खुणा कामी येतात. यकृताजवळचं वळण, प्लीहेजवळचं वळण, लहान आतडं जिथे उघडतं ती झडप. दोन्ही स्कॅनमध्ये या जागा जुळवल्या की मधलं अंतर त्या प्रमाणात ताणून बसवता येतं. त्या झडपेचे फुगीर ओठ पॉलिपसारखे दिसून फसवतात, पण त्यांत बहुधा चरबी असते आणि सीटीवर ती ओळखू येते.

लांबी जुळली, तरी पॉलिप भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे? इथे मला सगळ्यात आवडणारी खूण येते: टिनिया कोलाय, म्हणजे आतड्यावरून लांबीने धावणाऱ्या स्नायूंच्या तीन पट्ट्या. लेंग्याच्या नाडीने कापडाला चुण्या पडाव्यात तसे या पट्ट्यांमुळे आतड्याला फुगे पडतात. अपेंडिक्सच्या मुळाशी त्या एकत्र येतात (शस्त्रक्रियेत अपेंडिक्स सापडत नसेल तर सर्जन पट्टीचाच माग काढतात) आणि गुदाशयाशी पसरून विरतात. आतडं पिळलं तर पट्ट्याही त्याच्याबरोबर फिरतात. त्यामुळे पट्टीपासून मोजलेली पॉलिपची बाजू दोन्ही स्कॅनमध्ये जवळपास तीच राहते.

सिग्मॉइडमध्ये, विशेषतः तो आखडलेला असेल तर, या पट्ट्या धड दिसत नाहीत. तिथे संगणकापेक्षा अनुभवी रेडिओलॉजिस्टची नजर बरी. आणि पॉलिप सापडलाच, तर तो काढायला खरी दुर्बीण आत घालावीच लागते. तेव्हा तो कोणत्या वळणापाशी, हे आधीच कळलेलं असतं.