जाड पाइप म्हणजे सुरक्षित गाडी?

सिंगल-सीटर गाडी घरच्या घरी बांधणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो: "पाइप जाड घे, काही होणार नाही." गाडीला होणार नाही, खरंय, आत बसलेल्याचं काय? पुढून मागून सारखीच ताठ असलेली चासी (गाडीचा सांगाडा) धडकेचा झटका थेट ड्रायव्हरच्या मानेपर्यंत पोचवते. म्हणून तर फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेच्या नियमांत नाकाशी चुरगळणारा ठोकळा सक्तीचा आहे. 300 किलोची गाडी सेकंदाला 7 मीटर वेगाने आदळली, तरी सरासरी झटका 20 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 20 पटीच्या) आत हवा. हिशेब मांडला तर त्यासाठी किमान साडेबारा सेंटिमीटर चुरगळायला लागतात. वीतभरही नाही!

ताठपणा हवा तो ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याला. तिथेही डोक्यामागच्या मुख्य रोल हूपला (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीला) साधारण 25 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा स्टील पाइप चालतो. उरलेली ताकद त्रिकोणी जोडणीतून येते. सीटबेल्ट मात्र पातळ पत्र्याला बोल्ट करू नका.