सव्वा मिलिमीटरची अंजीर बर्फी

गणपतीच्या आदल्या दिवशी मिठाईच्या दुकानात रांगेत उभा होतो. हवे होते फक्त अर्धा किलो पेढे. बिल हातात आलं, त्यावर पेढे होतेच, शिवाय 1 किलो अंजीर बर्फीही होती. काउंटरवरच्या मुलाने ओशाळून ती ओळ खोडली, यादी पुन्हा खाली सरकवायला गेला, तर आता काजूकतली चिकटली. "टच गेलाय काका, जोरात दाबावं लागतं," असं म्हणत त्याने अंगठा असा रेटला की मलाच काचेची काळजी वाटली.

टच गेलेला नव्हता, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आणि जोरात दाबल्याने तर काम आणखी बिघडत होतं.

जुन्या बिलिंग मशीनवर दाब ओळखणारे स्क्रीन असत. वर मऊ प्लास्टिकचा पापुद्रा, खाली काच, दोन्हींवर वीजवाहक लेप. दाबलं की दोन्ही लेप टेकतात आणि कुठे टेकले ते व्होल्टेजवरून कळतं. तिथे 'जोरात दाब' हा सल्ला ठीक होता. या दुकानातला स्क्रीन मात्र फोनसारखा, कडक काचेचा होता. तो धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर चालतो. काचेखाली पारदर्शक, वीजवाहक रेघांची उभी-आडवी जाळी असते. आडव्या रेघांत विजेचे झटके सोडायचे आणि उभ्या रेघांत किती पोचलं ते मोजायचं, असा उद्योग सेकंदाला साधारण शंभर वेळा चालतो. बोट जवळ आलं की विद्युतक्षेत्राचा थोडा भाग ते आपल्याकडे ओढून घेतं आणि त्या जागी मोजमाप किंचित घटतं. दाबाचा इथे काही संबंधच नाही.

यावरून 'टच स्क्रीन आपली प्राणशक्ती ओळखतो' असे संदेश अधूनमधून फिरत असतात. फ्रिजमधली काकडी हातात धरून फोनवर फिरवून पाहा. काकडीतून प्राण वाहतो म्हणायचं असेल, तर स्टीलच्या चमच्याची पाठ टेकवा. खारट पाण्याने भरलेलं शरीर विजेचं बऱ्यापैकी वाहक आहे, एवढीच त्यातली शक्ती.

आता मुद्द्याचं. बोटाचं टोक काचेवर टेकतं तेव्हा एक बिंदू नाही, सेंटीमीटरभर रुंदीचा डाग तयार होतो. हा डाग जाळीच्या अनेक चौकटींवर पसरतो आणि मशीन त्याचा मध्य काढून 'बोट इथे आहे' असं ठरवतं. जोर वाढवला की बोट चपटं होतं, तेही एकसारखं नाही. नखाच्या बाजूने कमी, गादीच्या बाजूने जास्त. डागाचा मध्य त्यामुळे सरकतो. बोट जागचं हललेलं नसतं, पण मशीनला ते हललेलं दिसतं.

हलणं किती झालं की त्याला हलणं म्हणायचं, याला एक हद्द ठरवावी लागते. अँड्रॉइडमध्ये ती 8 एकक आहे आणि एक एकक म्हणजे इंचाचा 160वा भाग. गणित करा: सव्वा मिलिमीटर. बोट त्याच्या आत राहिलं तर ती टिचकी, म्हणजे वस्तू निवडली. बाहेर गेलं तर ते स्क्रोल, म्हणजे यादी सरकवायची. आपल्या मनात काय आहे हे यंत्राला कळत नाही, ते या सव्वा मिलिमीटरवरून अंदाज बांधतं. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर बोट टेकताक्षणी काहीच करत नाही. ते थांबतं, बोट कुठे जातं ते पाहतं, आणि टिचकीचा निकाल बोट उचलल्यावर देतं.

अंजीर बर्फी इथेच घुसली असणार. बिलिंगची कित्येक सॉफ्टवेअर मुळात माऊससाठी लिहिलेली आहेत. माऊसच्या जगात असा संशय येतच नाही. यादी हलवायला चाक आहे, निवडायला बटण आहे, दोन कामांना दोन अवयव. टच स्क्रीन जोडल्यावर बोट टेकणं म्हणजे 'डावं बटण दाबलं' असं भाषांतर होतं. झटपट बिल व्हावं म्हणून प्रोग्रॅमरने बटण दाबताक्षणी वस्तू बिलात टाकायची सोय केली असेल, तर यादी सरकवायला बोट टेकवलं की त्याखालची वस्तू पडलीच बिलात. स्क्रोल सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

उजव्या कडेची सरकपट्टी वापरावी म्हणाल, तर तीही मोजू. काउंटरवर 15 इंची, 1024 बाय 768 बिंदूंचा स्क्रीन अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यावर एक बिंदू सुमारे 0.3 मिलिमीटरचा. विंडोजची सरकपट्टी साधारणपणे 17 बिंदू रुंद, म्हणजे 5 मिलिमीटर. सेंटीमीटरभर रुंद अंगठा 5 मिलिमीटरच्या पट्टीवर, आणि समोर रांग!

मला यातला सर्वांत आवडणारा भाग बोट उचलल्यानंतरचा आहे. फोनवर यादीला झटका दिला की बोट सुटल्यावरही ती वाहत राहते आणि हळूहळू थांबते. आयफोनमध्ये नेहमीच्या स्क्रोलसाठी वेग दर मिलिसेकंदाला 0.998 ने गुणला जातो. एकूण किती अंतर कापलं जाईल? अकरावीतली भूमिती श्रेढी आठवा: 1 + 0.998 + 0.998 चा वर्ग, अशी अनंतापर्यंत बेरीज, म्हणजे 1 भागिले 0.002, म्हणजे 500. सुटतानाचा वेग मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर असेल, तर यादी पुढे 250 मिलिमीटर जाणार. कागदावर सुंदर!

पण 'सुटतानाचा वेग' काढायचा कसा? बोट उचललं जातं तेव्हा डाग एका बाजूने आक्रसतो आणि मध्य उडी मारतो. समजा 10 मिलिसेकंदांच्या शेवटच्या मोजणीत ही उडी 1 मिलिमीटरची आहे. खोटा वेग झाला मिलिसेकंदाला 0.1 मिलिमीटर, गुणिले 500, म्हणजे 5 सेंटीमीटर. यादीची एक ओळ सेंटीमीटरभर उंच धरली, तर बोट शांतपणे उचलूनही पाच ओळी घसरल्या. पेढ्यांवर थांबलेली यादी पुढे मोहनथाळवर! दाबाच्या स्क्रीनवर हे आणखी वाईट, कारण दाब सुटताना दोन लेपांचा स्पर्श अर्धवट होतो आणि आकडे भरकटतात. उपाय असा की शेवटच्या एका मोजणीवर विसंबायचं नाही. मागच्या काही मोजण्यांमधून लघुतम वर्गांच्या रीतीने, म्हणजे सगळ्या मोजण्यांच्या शक्य तितक्या जवळून जाईल असा, एक वक्र बसवायचा आणि त्याच्या उतारावरून वेग घ्यायचा, म्हणजे एकट्यादुकट्या उडीचं वजन कमी होतं. हे सगळं फोनच्या प्रणालीत आयतं मिळतं. स्वतःची यादी स्वतःच रंगवणाऱ्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरला यातलं काही मिळत नाही, ते प्रोग्रॅमरला हाताने लिहावं लागतं. 'एआय टच' असं खोक्यावर छापलेलं मशीन घेतलं तरी आतलं सॉफ्टवेअर तेच असेल, तर अंजीर बर्फी येणारच.

गंमत म्हणजे हॉटेलच्या बिलिंगमध्ये टच स्क्रीन फोनच्या कितीतरी आधी आला. 1986 साली अमेरिकेत जीन मोशर यांनी अटारी 520 एसटी या संगणकावर व्ह्यूटच नावाची रंगीत टच प्रणाली दाखवली. तिच्या पडद्यावर पदार्थांची मोठमोठी बटणं होती. बोटाने यादी वाहती करण्याची सवय आपल्याला 2007 नंतर फोनने लावली, आणि मग ती आपण काउंटरवरही अपेक्षू लागलो.

दसऱ्याला त्याच दुकानात पुन्हा गेलो. टच स्क्रीन तोच होता. त्याच्या शेजारी, तराजूच्या आडोशाला, चाकाचा एक साधा माऊस जोडलेला होता.